मापात पाप नको : आधी खांदा बघा

(वाचकांच्या कपड्यांविषयीच्या प्रश्नांना सोलापूरहून उत्तरं)

प्रश्न : नमस्कार अक्का. मी ४३ वर्षांची, विजापूर रोडला राहते, एका सहकारी बँकेत नोकरी करते. यंदा शाखाधिकारी झाले. उंची पाच फूट एक इंच, छाती ४६, कंबर ४२, सीट ५०. काउंटरमागे होते तोवर काळे-निळे ढगळ कुर्ते खपून गेले. आता कर्जदार समोर येऊन बसतात, शिवाय मधूनमधून मुंबईला वरिष्ठांपुढे आकडे मांडावे लागतात. तयार कपडा छातीला बसला की खांद्यावरून उतरतो आणि बाही मनगटाकडे पळते. शिवायला टाकावं तर पोत्याला बाह्या लावून दिल्यासारखं काहीतरी हातात येतं, वर शिंपी म्हणतो, 'बसतंय की ओ ताई, मोकळं आहे की!' मैत्रिणी सांगतात, आडव्या रेघा नकोत, गडदच घाल. मला इरकल फार आवडते, पण जाऊबाई म्हणतात तिच्यात आणखी जाड दिसशील. बारीक दिसेन असं काय घालू?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. बारीक दाखवायचं काम कापडाला सांगू नका. त्याला ते जमत नाही, आणि त्या नादात तुम्ही काळ्या-निळ्यात अडकून पडलात. शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीतली बाई नीटनेटकी आणि निर्धास्त दिसली पाहिजे. ते वजनावर नसतं, मापावर असतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी मी बरीच वर्षं उभी होते, म्हणून आतली गोष्ट सांगते. तयार कपडा आधी एका मधल्या मापावर बेततात, समजा ३८ छातीवर. मग दर साईजला छाती दोन इंचांनी वाढवत नेतात आणि तिच्यासोबत खांदा, मुंढा (बाही जोडतात तो बगलेचा घेर), गळा, बाहीची लांबी हेही थोडं थोडं वाढतं. खांदा दर वेळी अर्धा इंच धरला तरी ३८ वरून ४६ वर येईतो दोन इंच वाढला. पण वजन वाढलं म्हणून बाईच्या खांद्याचं हाड लांब होत नाही. हात तर नाहीच नाही. तुमचा खांदा उतरतो आणि बाही पळते त्याचं कारण हे. तुमच्या अंगात काही वाकडं नाही. त्यातून एका कंपनीचं थ्री एक्सेल दुसरीच्या डबल एक्सेलएवढं, कारण आपल्याकडे बरेचसे तक्ते अमेरिका-इंग्लंडच्या मापांवरून उचललेले. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं देशातल्या सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घेऊन भारतीय अंगाचा तक्ता करायचा प्रकल्प हाती घेतला, तो यासाठीच. दुकानातल्या हँगरवर तो दिसेपर्यंत आपली टेप आपल्या पर्समध्ये.

तुमचा शिंपी काय करतो तेही सांगते. तो ४६ चे सरळ दोन भाग करतो, पुढे २३ आणि मागे २३. भरलेल्या छातीच्या बाईची पाठ २३ ची नसते. मग पाठीवर कापड लोंबतं आणि पुढे ताण पडतो, आणि ताण घालवायला तो अख्खा कुर्ता आणखी दोन इंच सैल करतो. झालं पोतं तयार. त्याला सांगा, पुढचा भाग साडेचोवीस घ्या, पाठ साडेएकवीस घ्या. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण पुढा मोठा आणि पाठ लहान हे त्याच्या डोक्यात शिरलं की निम्मं काम झालं.

मापं देताना रोज घालता ती, नीट आधार देणारी ब्रा घालून जा. उसवलेल्या इलॅस्टिकची ब्रा घालून दिलेलं माप दोन बोटं खाली येतं आणि मग टक्स, म्हणजे कापडाला छातीचा आकार देणारे शिवलेले चिमटे, चुकीच्या जागी बसतात. खांदा हाडापासून हाडापर्यंत मोजायला लावा. छातीची दोन मापं हवीत, एक बगलेखालून आणि एक सगळ्यात भरल्या जागेवरून. त्या दोन्हींतला फरक हाच टक्सचा हिशेब. दंडाचा घेर वेगळा. आणि हे कुणी करत नाही, पण कराच : पोट आणि सीटचं माप खुर्चीत बसून घ्या. तुम्ही दिवसाचे सात-आठ तास बसून काम करता. बसल्यावर तिथे दीड-दोन इंच सहज वाढतात. उभ्यानं घेतलेल्या मापाचा कुर्ता कर्जदारासमोर बसलात की मांडीवर ताणला जातो आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी तो खाली ओढत राहता. समोरच्याच्या नजरेत भरतं ते हे ओढणं.

मुंढ्याबद्दल थोडं हट्टानं सांगते. जाड हात दिसला की शिंपी मुंढा खोल कापतो. मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना सगळा कुर्ता उचलला जातो. त्यापेक्षा मुंढा वर, बगलेच्या जवळ ठेवायचा आणि बाहीला दंडाच्या घेरावर दोन इंच सैलपणा द्यायचा. बाही कोपराच्या जरा खाली संपू दे. दंडाच्या सगळ्यात जाड जागेवर संपणारी बाही कुणालाच बरी दिसत नाही, सडपातळ मुलीलाही नाही.

पुढची लांबी पाठीपेक्षा एक इंच जास्त ठेवा, कारण छाती आणि पोट मिळून पुढचं कापड खातात आणि घेर पुढून वर चढतो. बाजूचा कट कमरेपाशी सुरू करू नका. सीटच्या सगळ्यात रुंद भागाच्या खाली सुरू झाला तर कुर्ता फाकत नाही. लांबी तुमच्या उंचीला गुडघ्यापर्यंत, म्हणजे ३८-३९ इंच पुरे. छातीसाठी प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी उभी शिवण) घ्या, तो नको असेल तर बगलेकडून येणारे टक्स. बिनटक्सचा सरळ कुर्ता तुम्हाला कधीच बसणार नाही, मग तो कितीही महाग असो. आणि शिवणीत एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा. अंग वर्षभरात इकडेतिकडे होतंच.

हे सगळं दर वेळी समजावत बसायचा कंटाळा येईल. म्हणून एकदाच नीट कटिंग करणारा मास्टर गाठा. आपल्या गावात युनिफॉर्म शिवणाऱ्यांना तोटा नाही, त्यांच्यातला एखादा कटिंग मास्टर संध्याकाळी घरी खासगी काम करतोच. त्याच्याकडून ब्राऊन पेपरवर तुमच्या मापाचं पेपर कटिंग करून घ्या. पहिला कुर्ता मांजरपाटात, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडात, शिवा, घाला, बसा, वाका, वरच्या कप्प्यातली फाइल काढून बघा, आणि जिथे ओढतंय तिथे पेन्सिलीनं खूण करा. दुरुस्ती पेपरवर उतरवून घ्या आणि पेपर स्वतःकडे ठेवा. पुढे चाटी गल्लीतून कापड आणायचं आणि पेपरासकट शिवायला टाकायचं. कापड घेताना पन्ना, म्हणजे कापडाची इंचांतली रुंदी, विचारा. ४४ पन्न्याचं अडीच मीटर तुम्हाला कमी पडेल, तीन घ्या. ५८ पन्न्याचं असेल तर सव्वादोन चालतं. सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे.

कापड कोणतं? अंगाला चिकटणारं लायक्रा आणि पातळ जॉर्जेट नको, चमकणारं सॅटिन तर नकोच. चमक प्रत्येक वळी दाखवते. पण कडक खळीचं सुतीही अंगापासून लांब उभं राहतं. मधलं कापड हवं, ज्याला थोडं वजन आहे आणि जे सरळ खाली पडतं : धुऊन मऊ झालेली खादी, मंगळगिरी, सूत-लिननचं मिश्रण, जाडसर क्रेप. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा अस्तर लावायचंच तर पातळ मलमलचं लावा. पॉलिस्टरच्या अस्तरात माणूस शिजतो.

मुंबईसाठी वेगळा विचार करा. वंदे भारतनं गेलात तरी सहा-साडेसहा तास बसून जायचं, आणि लिनन दौंडच्या आधीच चुरगळतं. त्या दिवशी क्रेपचा कुर्ता आणि त्याच रंगाची सरळ पॅन्ट घाला, वरून हातमागाचं बिनबटणाचं लांब जॅकेट. जॅकेट घडी करून बॅगेत न्या, उतरल्यावर चढवा. पुढून उघडं जॅकेट दोन उभ्या कडा देतं आणि पोटावर काहीच आवळत नाही. फक्त ते सीटच्या रुंद भागावर संपू देऊ नका, चार बोटं खाली उतरू दे. अंगात काय आहे याचा तासभर विसर पडला तर आकडे नीट मांडता येतात.

आता मैत्रिणींच्या आडव्या रेघा. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवून ठेवलंय की सारख्या आकाराचे दोन चौकोन घेऊन एकात आडव्या आणि एकात उभ्या रेघा भरल्या, तर आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद दिसतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्पसन यांनी हेच बायकांच्या आकृत्यांवर तपासलं, त्यांचा निबंध २०११ साली आला. आडव्या रेघांनी बाई रुंद दिसते याला आधार सापडला नाही. उलट किंचित बारीकच दिसली. तेव्हा रेघांना घाबरू नका. मात्र रेघ फिटिंगची चुगली करते. छातीवर ताण असेल तर सरळ रेघ वाकडी होते आणि सगळ्यांना दिसते. आधी फिटिंग, मग रेघा.

गडद रंगात वळ्या आणि सावल्या लपतात हे खरं. पण शिवणही लपते, म्हणून शिंप्याला काळं फार आवडतं. डाळिंबी, मोरपंखी, वांगी रंग, शेवाळी हिरवा हे सगळे ऑफिसात शोभतात. वरखाली एकच रंग असला की उंची तुटत नाही, पाच फूट एकला त्याचा फायदा आहे.

इरकल खुशाल नेसा. जाऊबाईंनी पाहिलेली इरकल बहुतेक कोरी, फुगणारी, रुंद काठाची असेल. सुती अंगाची घ्या, बारीक चौकडीची किंवा साधी, काठ तीन इंचांच्या आसपासचा. सहा इंची काठ तुमच्या उंचीला जड पडेल. नेसण्याआधी दोनदा धुवा, अंगाला लागते. सीट ५० असल्यावर साडीचं कापड वेढ्यातच जास्त जातं, म्हणून सात निऱ्यांचा हट्ट सोडा, पाच पुरेत. खरा जाडपणा येतो तो नाडीच्या चुणीदार परकरानं. सहा कळ्यांचा, चपट्या पट्ट्याचा, बाजूला हुक असलेला परकर शिवून घ्या, कमरेचा इंचभर फुगवटा जातो. पदर चार बोटं रुंद चुण्या घालून खांद्यावर पिन करा. साडीसोबत येणाऱ्या ऐंशी सेंटीमीटरच्या तुकड्यात तुमचं कोपरापर्यंत बाह्यांचं ब्लाउज होणार नाही. शिंपी जोड लावेल आणि तो बगलेत टोचेल. सव्वा मीटर वेगळं घ्या. खण मिळाला तर पन्ना बघून घ्या, तो अरुंद असतो. ब्लाउजचा पहिला हुक छातीच्या सगळ्यात भरल्या जागेवर लावून मग वरखाली अंतर वाटायला सांगा, म्हणजे मध्ये फट पडत नाही.


प्रश्न : मी मोहोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अंगानं भारी आहे. शासनाच्या सूचनेनुसार साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा. फळ्यावर लिहिताना कुर्ता वर जातो, दुपट्टा सारखा घसरतो, मुलं हसतात. काय करू?

उत्तर : मार्च २०२४ च्या त्या सूचनेत शिक्षिकांना साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असं सांगितलंय; कुर्ता कसा शिवायचा ते तुमच्या हातात आहे. मुंढ्याचं वर लिहिलंय ते वाचा. तुम्हाला दिवसभर हात वर करायचा असल्यानं बगलेत चौबगला घालून घ्या. आजोबांच्या बंडीला असायचा तोच चौकोनी तुकडा. हात वर जातो, कुर्ता जागेवर राहतो. जुन्या शिंप्यांना सांगावंही लागत नाही, नव्यांना दाखवावा लागतो.

दुपट्टा सुतीच घ्या, शिफॉन घसरणारच. चार बोटांच्या चुण्या करून एका खांद्यावर आतून पिन मारा, दोन्ही टोकं पुढे-मागे सोडा. ज्या हातानं लिहिता त्याच्या विरुद्ध खांद्यावर. तंग चुडीदारापेक्षा सरळ सलवार बरी, आणि नाडीऐवजी दीड इंच रुंद इलॅस्टिक. बारीक इलॅस्टिक पोटात रुततं आणि कुर्त्यावरून तिथे रेघ दिसते. मुलांचं म्हणाल तर ती कशालाही हसतात.


प्रश्न : पत्नीला बढती मिळाली. ती जरा स्थूल आहे. तिला न सांगता एक ब्लेझर घ्यायचा आहे. साईज कशी ओळखू?

उत्तर : ओळखू नका. छोटा आला तर तिला वाटेल ती मोठी आहे, मोठा आला तर तिला वाटेल तुम्हाला ती तेवढी वाटते. ब्लेझरपुरतं कापड आणि शिलाईचे पैसे द्या.


प्रश्न : मी २२ वर्षांची, इंजिनिअरिंग झालं, पुण्याला आयटी कंपनीत मुलाखत आहे. शर्ट-पॅन्टच घालायची आहे, कुर्ता नको. पण शर्टाच्या बटणांमध्ये फट पडते आणि पॅन्ट कमरेला बसली तर मांडीला बसत नाही. माझी साईज थ्री एक्सेल आहे.

उत्तर : शर्ट-पॅन्टच घाल, तुला हवं ते घालून बसलीस तर आवाज मोकळा निघेल. आपल्या सोलापूरच्या नव्या पेठेतल्या दुकानांत आधी पुरुषांच्या विभागात घुसू नकोस. तिथला शर्ट छातीला होईल, पण खांदा रुंद आणि सीटला तंग असेल. बायकांचा शर्ट सगळ्यात भरल्या जागेला बसेल असा घे आणि खांदा कमी करून घे. त्यासाठी बाही उसवून, मुंढा कापून परत लावावी लागते. शिंपी 'कशाला ताई' म्हणेल, तरी करून घे. पाठीला दोन उभे टक्स मारले की मागचा फुगा जातो. फटीसाठी दोन बटणांच्या मध्ये आतून एक लहान टिचबटण लावायचं, किंवा बटणं झाकणारी पट्टी असलेला शर्टच बघायचा. शर्टाचं कापड जरा जाड असू दे, पारदर्शक पांढरं नको. आकाशी किंवा फिका पिस्ता चालेल.

पॅन्ट मांडी आणि सीटच्या मापानं घे, कंबर नंतर मागच्या शिवणीतून लहान करता येते. उलटं करता येत नाही. कंबर उंच, पुढून सपाट, चुण्या नकोत. शक्य असेल तर मागे अर्धा पट्टा इलॅस्टिकचा, म्हणजे बसल्यावर पोटात रुतत नाही. पुढच्या तिरक्या खिशांची तोंडं उघडी राहून फाकत असतील तर ती शिवून टाक. मुलाखतीला खिसे लागत नाहीत. मांड्या घासून चालताना जळजळ होत असेल तर आतून सुती सायकलिंग शॉर्ट्स घाल. ब्लेझर न्यायचा असेल तर खांदा बसतो तोच ने, पुढून बटण लागलं नाही तरी चालेल, उघडाच ठेवायचा.

आदल्या दिवशी सगळं घालून आरशासमोर खुर्ची ठेव आणि बस. पाणी पी, वाकून बॅगेतली फाइल काढ, हात पुढे करून कुणाला तरी ती दे. कुठे काही ओढलं गेलं तर रात्रीत सुई-दोऱ्यानं नीट करता येईल. सेफ्टी पिनवर भागवू नकोस. मुलाखतीत हात सारखा तिथेच जातो.